कोकणातल्या वाडीसाठी छोटा ट्रॅक्टर: किती अश्वशक्तीचा घ्यावा?

राजापूरची वाडी:
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. एकूण साधारण चार एकर, पण एका तुकड्यात नाही. त्यातली सुमारे अडीच एकर घरामागच्या उतारावर असून तिथे हापूसची जुनी कलमे आणि काजू आहेत. घराभोवती तीस गुंठ्यांत नारळ-पोफळीचे आगर आहे. आणि खाली वहाळाच्या कडेला खलाटीत तीस गुंठे भातशेती आहे, जी लहान लहान सात-आठ खाचरांत विभागलेली आहे. गेली काही वर्षे ही शेती मी आणि माझे दीर पाहतो. औत धरणारी माणसे गावात फारशी राहिलेली नाहीत, जोतही कोणी ठेवत नाही आणि नेमक्या फवारणीच्या दिवशी मजूर मिळत नाहीत. म्हणून छोटा ट्रॅक्टर घेण्याचा विचार पक्का केला आहे.

अडचण अशी की प्रत्येक विक्रेता वेगळा आकडा सांगतो. एकाच्या मते चार एकराला १५ अश्वशक्ती पुष्कळ झाली. दुसरा २८च्या खाली येऊच नका म्हणतो. आणि घाटावरचे आमचे एक नातेवाईक ४५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळवून देण्यास तयार आहेत. आम्हाला कामे करायची आहेत ती अशी: कलमांखालचे गवत कापणे, मोहोराच्या काळातली फवारणी, शेणखत आणि आंब्याच्या पेट्या यांची ने-आण, आणि जमल्यास भाताची नांगरणी व चिखलणी. आपल्यापैकी ज्यांनी कोकणातच छोटा ट्रॅक्टर वापरला आहे, त्यांनी कृपया अनुभवाच्या आधारे सांगावे.

घाटमाथा:
ताई, तुमच्या नातेवाइकांची सूचना अगदीच टाकून देऊ नये असे मला वाटते. मोठ्या ट्रॅक्टरचे सुटे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, मिस्त्री मिळतो, विकायला काढला तर गिऱ्हाईकही लगेच मिळते. छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही खात्री देता येत नाही. शिवाय मोठ्या यंत्रावर कामाचा ताण कमी पडतो, त्यामुळे ते जास्त वर्षे टिकते. आमच्याकडे सहा फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) ४५ अश्वशक्तीवर सहज चालतो आणि एकराचे काम पाहता पाहता उरकते.

कातळपट्टी:
घाटमाथा साहेब, सुट्या भागांबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे आणि तो मुद्दा ताईंनी लक्षात ठेवावाच. परंतु एकराचा हिशेब सपाट, सलग आणि खोल मातीच्या रानासाठी योग्य आहे. आमच्या पट्टीत अश्वशक्ती ठरवण्याआधी दुसरेच प्रश्न उभे राहतात: यंत्र वाडीत शिरेल कुठून, कलमाखालून जाईल का, आणि भरलेली टाकी पाठीवर घेऊन उतारावर उभे राहील का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मोजपट्टीने मिळतात, एकरांवरून मिळत नाहीत.

ताई, माझी कळकळीची विनंती आहे की, कोणत्याही शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी दिरांना सोबत घेऊन आणि हातात मोजपट्टी धरून रस्त्यापासून शेवटच्या कलमापर्यंत एकदा चालत जा. गडग्यातल्या (दगडी कुंपणातल्या) प्रत्येक बेड्याची, म्हणजे आत शिरण्याच्या फाटकाची रुंदी, पाखाडीला (दगडी पायऱ्यांच्या वाटेला) वळसा घालणाऱ्या वाटेची सर्वांत अरुंद जागा, विहिरीच्या कठड्याजवळचा कोपरा, असे सगळे लिहून काढा. छोट्या ट्रॅक्टरची चाकांच्या बाहेरच्या कडेपासूनची रुंदी बनावटीनुसार तीन ते चार फुटांच्या दरम्यान येते. त्याच्या दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच मोकळे राहिले पाहिजेत, आणि जिथे वळायचे आहे तिथे त्याहूनही जास्त, कारण मागे लावलेले अवजार वळताना बाहेर फेकले जाते. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सहा फूट रुंदीची वाट लागते. जांभ्याचा गडगा पाडून वाट रुंद करणे शक्य असते, पण तो गडगा बहुतेक ठिकाणी शेजाऱ्याशी सामाईक असतो आणि सातबाऱ्यावर दोन्हीकडे अनेक सहहिस्सेदार असतात, याचाही विचार करावा लागतो.

दुसरे माप उंचीचे. जुन्या हापूस कलमांच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात. ट्रॅक्टरचे बॉनेट साधारण सव्वा मीटर उंचीचे असले तरी चालकाचे डोके दोन मीटरच्या जवळपास जाते आणि त्यामागची, ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी संरक्षक कमान त्याहूनही वर असते. म्हणून घडी होणारी कमान आणि बॉनेटच्या खालून बाजूला काढलेला सायलेन्सर या दोन गोष्टी बागेसाठी आवर्जून मागाव्यात. उभा सायलेन्सर फांद्यांत अडकतो आणि त्याच्या धुराने मोहोर करपतो. कमान उभी असेल तेव्हा पट्टा बांधलाच पाहिजे. कमान घडी करून फांद्यांखाली काम करत असाल तेव्हा पट्टा बांधू नये, कारण त्या स्थितीत ट्रॅक्टर उलटला तर बांधलेला माणूस त्याच्याखाली सापडतो. हे विक्रेते सहसा सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले.

राजापूरची वाडी:
कातळपट्टी दादा, मनापासून आभार. या दृष्टीने आम्ही पाहिलेच नव्हते. उद्याच मापे घेते. फवारणीबद्दल मात्र सविस्तर सांगाल का? आमच्याकडे सर्वांत जास्त खोळंबा त्याच कामात होतो.

यंत्रशाळा:
फवारणीचे मी सांगतो, कारण छोट्या ट्रॅक्टरची निवड चुकते ती बहुधा याच कामात. माझे काम यंत्रदुरुस्तीचे असल्याने हिशेब थोडा लांबेल, तो सांभाळून घ्यावा.

पीटीओवर (अवजारे चालवण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या फिरत्या दांड्यावर) चालणाऱ्या पंपाला लागणारी शक्ती फार नसते. इंजिनाच्या शक्तीपैकी साधारण ८५ ते ९० टक्के पीटीओवर मिळते, म्हणजे २४ अश्वशक्तीच्या यंत्रावर २१ च्या आसपास, आणि उच्च दाबाचा फवारणी पंप त्याच्या एका हिश्श्यावरच चालतो. तेव्हा शक्ती अपुरी पडेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. खरी भीती वजनाची आहे. पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो. तीनशे लिटरची टाकी, तिचा सांगाडा आणि पंप धरून चारशे किलोच्या आसपास ओझे ट्रॅक्टरच्या मागे अधांतरी लटकते.

आता समजा, ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साडेसहाशे किलो आहे, पुढच्या-मागच्या आसांतले अंतर दीड मीटर आहे आणि त्या ओझ्याचा मध्य मागच्या आसापासून ९० सेंटिमीटर मागे पडतो. तर ४०० गुणिले ०.९ भागिले १.५, म्हणजे २४० किलो वजन पुढच्या चाकांवरून कमी होते. मुळात पुढच्या चाकांवर २८० किलोच्या जवळपास असते. म्हणजे सपाटीवरच तिथे चाळीस किलो उरले. आता हा ट्रॅक्टर पाच मीटरला एक मीटर चढणाऱ्या उतारावर तोंड वर करून नेला की आणखी ऐंशी किलो वजन मागे सरकते आणि पुढची चाके उचलली जातात. स्टिअरिंग नीट लागू राहण्यासाठी एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या आसावर असावा असा सर्वसाधारण नियम आहे. इथे तर काहीच उरत नाही.

माहितीपत्रकात ‘उचल क्षमता ७५० किलो’ असे छापलेले असते आणि ते पाहून माणूस निर्धास्त होतो. पण तो आकडा खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेला असतो. ओझ्याचा मध्य जसा मागे जातो तशी ही क्षमता घटत जाते. आणि हायड्रॉलिकने ओझे उचलले म्हणजे ट्रॅक्टरने ते पेलले असेही होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: टाकी उचलून बागेत फिरायचेच असेल तर दोनशे लिटरच्या पुढे जाऊ नये, पुढच्या बंपरवर वजनाचे तुकडे बसवावेत आणि हे फक्त सौम्य उताराच्या भागात करावे. जिथे चढ जास्त आहे तिथे ट्रॅक्टर एका सपाट जागी उभा करावा, पंप पीटीओवर चालवावा आणि लांब पाइप ओढून दोन माणसांनी फवारावे. दहा मीटर चढावर सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच दाब खर्ची पडतो, तर हे पंप वीस ते चाळीस किलोच्या दाबावर काम करतात. त्यामुळे तुमच्या बागेत वरच्या टोकापर्यंत पाइपाने औषध पोहोचण्यास काही अडचण येऊ नये. अशा पद्धतीत १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टरही पुरतो.

खाडीकाठ:
यंत्रशाळा साहेबांचा हिशेब वाचून समाधान वाटले. यात एक भर घालतो. फवारणीच्या काळात दव असते आणि पालापाचोळ्याखाली जांभ्याचे बारीक खडे असतात. त्यावर दोन चाकांनी चालणारा हलका ट्रॅक्टर चढावर जागीच चाके फिरवतो. फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, हा कोकणातल्या उताराच्या बागेत चैनीचा भाग नाही. उलट त्याचा मोठा फायदा उतरताना मिळतो, कारण इंजिनाचा रोध चारही चाकांना मिळतो. मात्र डांबरी रस्त्यावर तो बंद ठेवावा, नाही तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातल्या फरकाने टायर झिजतात आणि गिअरांवर ताण येतो. टायर बदलतानाही कंपनीने दिलेल्या मापांची पुढची-मागची जोडी मोडू नये.

याचा अर्थ असा की १५ अश्वशक्तीचे महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ हे सपाट आगरासाठी आणि मोकळ्या जागेसाठी उपयुक्त असले तरी ते मागच्या दोन चाकांवर चालणारे आहेत. चारही चाके चालणारी यंत्रे पुढच्या गटात सुरू होतात: कुबोटाचे निओस्टार ए२११एन २१ अश्वशक्तीचे, महिंद्राचे जिवो २४५ आणि कुबोटाचे बी२४४१ ही दोन्ही २४ अश्वशक्तीची, जॉन डिअरचे ३०२८ ईएन २८ अश्वशक्तीचे. महिंद्राची ओजा मालिका २०२३ साली आली, तीही याच वर्गात पाहता येईल. मी यांपैकी कोणाचाही पुरस्कार करत नाही. तुमच्या घरापासून ज्याचा मिस्त्री जवळ आहे, त्याला माझे मत जाईल.

औतकरी:
मला भाताविषयी बोलायचे आहे, कारण आतापर्यंत सगळी चर्चा बागेचीच झाली.

ताई, तीस गुंठ्यांची सात-आठ खाचरे म्हणजे एक खाचर सरासरी चार गुंठ्यांचे. चार गुंठे म्हणजे साधारण ६६ फूट लांब आणि ६६ फूट रुंद, आणि प्रत्यक्षात खलाटीतली खाचरे अशी चौकोनी नसून वहाळाच्या वळणाने वाकलेली असतात. एवढ्या जागेत ट्रॅक्टरचा निम्मा वेळ वळण्यातच जातो आणि कोपरे तसेच राहून ते कुदळीने करावे लागतात. एका खाचरातून दुसऱ्यात जाताना बांध ओलांडावा लागतो. तिरकस ओलांडला तर ट्रॅक्टर कलंडण्याचा धोका आणि बांध फुटण्याचाही. त्यामुळे प्रत्येक खाचराला एका ठरावीक जागी, मातीचा भराव घालून चार फुटाला एक फूट अशा बेताचा उतार करून घ्यावा आणि तिथूनच सरळ रेषेत, खालच्या गिअरमध्ये ये-जा करावी. तिथली माती लावणीपूर्वी पुन्हा बांधाला लावून घेता येते.

चिखलणीत हलका ट्रॅक्टर चांगला, ही समजूत बरीचशी खरी आहे. जड यंत्र चिखलाखालचा घट्ट थर फोडते आणि मग खाचरात पाणी टिकत नाही. पुढच्या वर्षी चाके आणखी खोल जातात. २१ ते २४ अश्वशक्तीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर लोखंडी जाळीची चाके लावून आमच्याकडे नीट चिखलणी करतो. पण खलाटीत जिथे झरे आहेत आणि जमीन बारमाही ओली असते, तिथे कोणताही ट्रॅक्टर घालू नये. तिथे पॉवर टिलरच, म्हणजे मागे चालत हाताने धरायचे छोटे नांगरणी यंत्र.

आणि खरे सांगायचे तर, केवळ तीस गुंठ्यांच्या भातासाठी ट्रॅक्टरचे आकारमान ठरवू नये. तुमचे भाताचे काम वर्षातून मोजक्या दिवसांचे आहे. गावात कोणाकडे टिलर असेल तर भाड्याने करून घ्यावे आणि ट्रॅक्टर बागेच्या मापाने घ्यावा.

राजापूरची वाडी:
औतकरी काका, तुमचे म्हणणे पटले. सासूबाईंचेही हेच मत आहे की वहाळाकडची दोन खाचरे कायम ओली असतात, तिथे बैलसुद्धा पोटापर्यंत रुतत.

मापे घेतली ती देते. रस्त्याकडचे बेडे सात फुटांचे आहे. पाखाडीच्या बाजूने जाणारी वाट बहुतेक ठिकाणी साडेपाच फूट आहे, पण फणसाजवळच्या वळणावर पावणेपाच फूटच मिळते आणि तो फणस आम्ही तोडणार नाही. बागेच्या खालच्या अर्ध्या भागात पाच मीटरला अर्धा मीटर चढ आहे. वरच्या भागात पाच मीटरला सव्वा मीटर. हे माप गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाइप लावून घेतले. कलमांचे अंतर दहा मीटर आहे, काजूचे सातच्या आसपास. हापूसच्या सर्वांत खालच्या फांद्या पाच फुटांवर येतात.

कातळपट्टी:
ताई, इतकी व्यवस्थित मापे आली की अर्धे उत्तर मिळालेच. पावणेपाच फुटांच्या वळणावरून साडेतीन फुटांपर्यंतचे यंत्र नीट जाईल; चार फुटांचे जाईल, पण अवजार लावून वळताना फणसाला घासेल. म्हणजे ४५ चा प्रश्न मिटला. खरेदीच्या वेळी ‘मागची ट्रॅक रुंदी किती’ एवढे विचारून थांबू नका. ती टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. तुम्हाला टायरच्या बाहेरच्या कडेचे माप हवे. काही यंत्रांचे रिम उलटे बसवून रुंदी कमी-जास्त करता येते.

मात्र इथे एक पेच आहे आणि तो लपवून चालणार नाही. जी अरुंद रुंदी तुम्हाला फणसाजवळून पार करते, तीच आडव्या उतारावर ट्रॅक्टर उलटण्याचे कारण होते. दोन चाकांतले अंतर जेवढे कमी आणि वजन जेवढे उंचावर, तेवढा तोल कच्चा. तुमचा खालचा भाग दहा टक्के उताराचा आहे, तिथे आडवे चालण्यास हरकत नाही. वरचा भाग पंचवीस टक्के, म्हणजे चौदा अंशांच्या जवळ आहे. कागदावर यंत्र याहून जास्त कोनात उभे राहते, पण प्रत्यक्षात वरच्या चाकाखाली एखादा चिरा आला किंवा खालचे चाक उंदराच्या बिळात गेले की तो कोन क्षणात वाढतो. माझ्या मते वरच्या भागात ट्रॅक्टर आडवा चालवूच नये. सरळ वर, सरळ खाली, आणि तेही मागे ओझे असेल तर चढताना रिव्हर्समध्ये. उतरताना खालचा गिअर आधीच टाकावा; मध्येच क्लच दाबू नये आणि न्यूट्रल तर कधीच करू नये.

मागच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरून घेतले तर वजन खाली येते आणि पकडही वाढते. हा खर्च जवळजवळ शून्य आहे आणि उताराच्या बागेत तो प्रत्येकाने करावा.

यंत्रशाळा:
पाण्याच्या मुद्द्याला दुजोरा. बी२४४१ सारख्या यंत्राला मागे ८.३ बाय २० मापाचे टायर येतात, त्यांत भरण्याजोगे पाणी बसते. खाडीचे किंवा मचूळ पाणी भरू नये, रिम आतून गंजतात.

आता अवजारांबद्दल. ताई, रोटाव्हेटरचा आग्रह धरू नका. साधारण तीन फुटी रोटाव्हेटरला १५ ते २० अश्वशक्ती, चार फुटीला २५ च्या आसपास, असा हिशेब असतो. रोटाव्हेटर टायरच्या बाहेरच्या कडेइतका तरी रुंद हवा, नाही तर चाकांच्या खुणा मागे राहतात. पण बागेत त्याची गरज किती? जांभ्याच्या जमिनीत मातीचा थर पातळ असतो आणि आंब्या-काजूची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात. ती रोटाव्हेटरने तुटतात. शिवाय उतारावरची भुसभुशीत केलेली माती जूनच्या पहिल्या मोठ्या सरींबरोबर खाली वाहून जाते. त्याऐवजी पीटीओवर चालणारा गवत कापण्याचा स्लॅशर घ्यावा. पाऊस संपल्यावर गवत कापून ते कलमांच्या आळ्यात पसरले की ओल टिकते, माती धरून राहते. पावसाळ्याच्या मध्यावरही एकदा कापणी घ्यावी असे मी सुचवीन, कारण वाढलेल्या गवतात लपलेले चिरे स्लॅशरच्या पात्याला लागले की ते सुटून दूरवर उडतात. कापणीच्या वेळी आसपास कोणालाही, विशेषतः मुलांना, उभे राहू देऊ नये.

पोफळीत मात्र ट्रॅक्टर नको. २.७ मीटर अंतरावर लावलेल्या पोफळीत यंत्र शिरते खरे, पण मध्ये पाट, केळी, मिरीचे वेल असतात आणि ओल्या जमिनीत चाकांनी मुळांवर दाब येतो. तिथे हातातला ग्रास कटर पुरे. नारळाच्या साडेसात मीटरच्या ओळींत जाण्यास हरकत नाही.

खाडीकाठ:
पेट्यांच्या वाहतुकीचा विषय राहिला आहे. छोट्या ट्रॅक्टरला दोन चाकी लहान ट्रेलर लावतात. सपाटीवर तो पुष्कळ ओढतो, पण उतरणीवर भरलेला ट्रेलर ट्रॅक्टरला मागून ढकलतो. आठशे-नऊशे किलोच्या यंत्रामागे दीड टन माल घेऊन पाखाडीशेजारच्या वाटेने उतरणे धोक्याचे आहे. उतारावर ट्रेलरचा एकूण भार ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त होऊ देऊ नये, असे मी माझ्या माणसांना सांगून ठेवले आहे. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर उत्तमच. आंब्याच्या पेट्यांना दणके बसले की आतली फळे काळी पडतात, म्हणूनही सावकाश आणि दोन खेपांत आणलेले बरे.

घाटमाथा:
एवढी मापे आणि उतार पाहिल्यावर ४५ चा आग्रह मी सोडतो. ताई, आता पैशांचे सांगतो, कारण ते सगळीकडे सारखेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. ज्याने तुम्हाला जुने दरपत्रक दिले असेल त्याच्याकडून नवे मागून घ्या. अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी अर्जदाराच्या नावावर सातबारा हवा. सामाईक खाते असेल तर दिरांच्या की तुमच्या नावाने अर्ज करायचा ते आधी ठरवा. महिला शेतकऱ्यांना आणि अल्पभूधारकांना अनुदानाचा दर जास्त असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्वसंमती हाती येण्याआधी ट्रॅक्टर घेऊ नये. आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही. या वर्षीचे नियम आणि रक्कम तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून लेखी समजून घ्या.

कातळपट्टी:
अगदी योग्य. आणखी एक जागा सुचवतो जिकडे शेतकरी सहसा पाहत नाहीत. मध्य प्रदेशात बुधनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात त्या यंत्राचे प्रत्यक्ष मोजलेले वजन, पुढच्या-मागच्या चाकांवर पडणारा त्याचा भाग, पीटीओची शक्ती आणि उचल क्षमता हे सगळे असते. यंत्रशाळा साहेबांनी वर केलेला हिशेब तुम्हाला निवडलेल्या यंत्राचे खरे आकडे घालून पुन्हा करता येईल. विक्रेत्याकडे अहवालाची प्रत मागा. जो विक्रेता ती आणून देईल तो नंतरही लक्ष देईल, असे मला वाटते.

राजापूरची वाडी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिरांशी बोलून असे ठरवले आहे: फोर व्हील ड्राइव्ह, २१ ते २४ अश्वशक्ती, बाहेरची रुंदी साडेतीन फुटांच्या आत, घडीची कमान. सोबत स्लॅशर, पीटीओचा पंप आणि लहान ट्रेलर. रोटाव्हेटर तूर्त नाही. भात भाड्याच्या टिलरवर. वरच्या भागात गवत आम्ही ग्रास कटरनेच कापू आणि फवारणी पाइपाने करू.

दोन शंका आहेत. पंपासाठी ट्रॅक्टर नेमका कुठे उभा करावा? आणि विक्रेता ‘डेमो’ देण्यास तयार झाला तर त्याच्याकडून काय काय करून दाखवायला सांगावे?

यंत्रशाळा:
पहिल्या शंकेचे उत्तर: खालचा सौम्य भाग आणि वरचा चढ जिथे मिळतात, तिथे दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद सपाट जागा करून घ्या. खालच्या बाजूला जांभ्याच्या चिऱ्यांचा बांध आणि आत मुरूम दाबून भरलेला, एवढे पुरे. विहिरीचे पाणी तिथवर एका पाइपाने आणून दोन पिंपे कायमची ठेवा. तिथून वर आणि खाली दोन्हीकडे पाइप पोहोचेल आणि भरलेली टाकी घेऊन चढण्याचा प्रसंगच येणार नाही. पीटीओच्या फिरत्या दांड्यावर प्लॅस्टिकचे झाकण असल्याशिवाय पंप चालू करू नये. लुंगी, ओढणी, पदर यांतले काहीही त्यात सापडले तर माणूस वाचत नाही.

खाडीकाठ:
डेमोबद्दल मी सांगतो. शोरूमच्या आवारातला डेमो नको, तुमच्या वाडीतच हवा, आणि शक्यतो पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवसांत, जेव्हा वाटेवरचा जांभा शेवाळलेला असतो. फणसाजवळच्या वळणावरून स्लॅशर लावून आत आणि बाहेर नेण्यास सांगा. खालच्या भागात एका कलमाभोवती पूर्ण फेरी मारायला लावा. चढाच्या मध्यावर थांबवून, हातब्रेकवर उभा करून, पुन्हा सुरू करायला सांगा. मग दिरांना आणि तुम्हाला स्वतःला बसून चालवू द्या. क्लच पूर्ण दाबला जातो का, फांदीखालून जाताना मान किती वाकवावी लागते, उतरताना ब्रेक दोन्ही चाकांना सारखा लागतो का, हे चालवल्याशिवाय कळत नाही. रस्त्यावर दोन्ही ब्रेक-पेडल एकत्र जोडणारी कडी लावूनच चालवायचे, तेही त्याच दिवशी शिकून घ्या.

आणि ट्रॅक्टर आला की त्याच्यासाठी पत्र्याची छपरी तयार असू द्या, खाडीच्या वाऱ्याकडे पाठ करून. आपल्याकडच्या खारट हवेत उघड्यावर ठेवलेल्या यंत्राचे नटबोल्ट दोन पावसाळ्यांत धरून बसतात. काम झाले की गोड्या पाण्याने खालून धुणे, ग्रीसचे निपल भरणे आणि पावसाळ्यात डिझेलची टाकी भरलेली ठेवणे, म्हणजे आत दव साचून डिझेलमध्ये पाणी उतरत नाही. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून छपरीत भाताचा पेंढा साठवू नये.

राजापूरची वाडी:
छपरीची जागा ठरली आहे, गोठ्याच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला. पेंढा दुसरीकडे हलवू. महाडीबीटीचा अर्ज माझ्या नावाने भरला आहे. पूर्वसंमती आली की आणि डेमो झाला की, कोणते यंत्र वळणावरून गेले आणि कोणते अडले ते याच धाग्यावर मापांसह लिहीन.